टिचकी

बेचाळीसच्या चळवळीनंतर मी सांगलीच्या तुरुंगात कैद्यांना लिहा-वाचायला शिकवायला जात असे. वर्गातले बहुतेक जण चळवळीपायी आत आलेले. तो एकटा खुनासाठी. वय सतरा, शिक्षा जन्मठेप. हुरड्याच्या पार्टीहून परतताना त्यानं कॉलेजात शिकणाऱ्या एका पोराच्या डोक्यात दगड घातला होता.

इतका गुणी विद्यार्थी मला बाहेरच्या शाळेतही मिळाला नव्हता. पाटी कपाळाला लावल्याशिवाय तो अक्षर गिरवत नसे. पूर्वी तो मिरजेत तंबोरे करणाऱ्याकडे कामाला होता. वाळलेल्या भोपळ्यांवर टिचकी मारायची, कान लावायचा आणि त्यातला सुरेल भोपळा निवडायचा, हे त्याचं काम. ती सवय सुटली नव्हती. घागर, दार, भिंत, जे समोर येईल त्यावर तो टिचकी मारायचा आणि मान कलती करून ऐकायचा. "ह्यो लय ग्वाड बोलतोय," असं स्वतःशीच म्हणायचा.

एकदा पडलेला खडू उचलायला मी वाकलो. माझ्या कानामागं हलकीशी टिचकी बसली. मी तसाच वाकलेला राहिलो.

"मास्तर, तुमचा पक्का हाय," तो अगदी आदरानं म्हणाला. "त्याचा कच्चा निगाला. लय शिकलेला व्हता, पर आवाजच न्हाई."

मी रागावलो नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं, आणि भीती वाटली ती त्या बरं वाटण्याचीच.

अजूनही भांग पाडताना माझं बोट आपोआप कानामागं जातं. मी टिचकी मारतो, आणि मान कलती करून ऐकतो.