आमच्या घरात नारळ फुटला

दसऱ्याच्या सुटीत आईच्या शाळेतले शिक्षक घरच्यांसह मालवणला गेले, तेव्हा मीही गेले. खानावळीत सुरमईच्या तळलेल्या तुकड्यांचं एकच मोठं ताट मधोमध आलं. आईच्या शेजारच्या वर्गावरच्या बाई शाळेत इतकी वर्षं आपला डबा खिडकीकडे तोंड करून खातात. त्यांनी त्याच ताटातून एक तुकडा आईच्या पानात वाढला. "हा घ्या, याला काटा नाही."

आम्ही बौद्ध. तो डबा खिडकीकडे का वळतो, हे शाळेत सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. सुटी संपली, डबा परत खिडकीकडे वळला. समुद्राचा गुण आठवडाभरही टिकला नाही.

आई मात्र आमच्या गावी, बेल्याला परत आल्यापासून एकच म्हणे, "तसं जेवण एकडाव घरी करू ना वं."

आता बेल्यात सुरमई कुठली? मी धरणाचा रोहू आणला. कोकमाऐवजी चिंच. अडलं ते नारळापाशी. आमच्या स्वयंपाकात सुकं खोबरं. ओला नारळ मिळतो तो मंदिरासमोरच्या एकाच दुकानात. आणि त्याच दुकानासमोर उभं राहून मी दहावीच्या परीक्षेआधी पोरांना पत्रकं वाटली होती : नारळ फोडून गणित सुटत नाही. मजकूर माझा. त्यातला एक शब्दही आजही मागे घेत नाही.

दुकानदाराने नारळ कानाशी हलवून पाहिला. "ताई, कोनाची परीक्षा हाय?"

"कालवणाची."

"मंग फुलं नको?"

मी नारळ पिशवीत तळाशी ठेवला, वर कोथिंबीर.

आमच्या घरात कधी कोणी नारळ फोडलेला नाही, त्यामुळे कसा फोडायचा तेही ठाऊक नव्हतं. दाराच्या पायरीवर आपटला. तिसऱ्या दणक्याला फुटला आणि आवाज गल्लीभर गेला. लगेच भिंतीला भिंत असलेल्या काकू डोक्यावर पदर घेऊन, उजवा तळहात पुढे करून आल्या. यांच्या शेतातली मेथी आम्ही खातो. यांनी आमच्या घरचं पाणी कधी प्यायलेलं नाही.

"काय पूजा मांडली वं मास्तरीणबाई? सांगतलं बी नाही!"

म्हणजे प्रसाद आमच्या हातचा चालतो. माझ्या जिभेवर अख्खं पत्रक आलं. आईने डोळ्यांनीच मला गप्प केलं.

"पूजा नाही. मासोळीचं कालवण करून राह्यलो. बसा, जेवूनच जा."

तळहात पदराखाली गेला. "आज माहा सोमवार हाय ना."

"आज इतवार हाय, काकू," मी म्हणाले.

काकूंनी आभाळाकडे पाहिलं, जणू तिथे कॅलेंडर टांगलंय. "मंग डब्यात द्या. घरी खातो."

कालवण झाल्यावर आईने डबा भरून दिला. मी म्हणाले, "कुत्र्यापुढे ओततीन त्या."

"ओतू दे. तू काऊन जळून राह्यली?"

आम्ही दोघी जेवायला बसलो. नारळाचं दूध चिंचेने फाटलं होतं आणि रोहूला गाळाचा वास येत होता. आई दोन घास खाऊन भिंतीकडे कान लावून बसली. सुरमई तिला कधी हवीच नव्हती. मी उगाच धरणापर्यंत गेले.

सकाळी डबा परत आला : घासलेला, आत चार वांगी. घासलेला डबा काहीच सिद्ध करत नाही, हे मी आईला सांगणारच होते.

"मास्तरीणबाई, चिंच लई झाली वं," काकू पायरीवरून म्हणाल्या. "अन् काटे किती! माह्या घरवाल्याच्या घशात अडकला. भाताचे गोळे गिळू गिळू बसला मानूस. पुढच्या खेपी मरळ आना, तिले काटे कमी."

आई हसली, मालवणला हसली होती तशी. इतक्या वर्षांत आमच्या स्वयंपाकाला त्या घरातून आलेली ही पहिली तक्रार.

काकू उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. आईला तसं म्हणालेही.

"पुढच्या इतवारी मरळ आन," ती म्हणाली.

"अन् नारळ?"

"दोन आन. आवाज गेला पायजे."