बक्षिसाची बाटली

विजयश्रीला उत्कृष्ट ऑपरेटरचं बक्षीस मिळालं, ते स्टीलची पाण्याची बाटली. देणाऱ्यांना लाज कशी वाटली नाही! चाकणच्या त्या कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडणाऱ्या चाळीस बायका आणि बाथरूमला जायचा पास एकच, तोही सुपरवायझर सुजितच्या टेबलावर. मागायला गेलं की हा सगळ्यांदेखत विचारणार, "परत?" त्यापेक्षा पाणीच प्यायचं नाही, हे जालन्याहून आलेली विजयश्री पहिल्याच आठवड्यात शिकली. नऊ वर्षांत शिफ्टमधून ती एकदाही उठली नाही. त्याचंच हे बक्षीस.

यंदा तिसऱ्यांदा लघवीला जळजळ होऊन ताप आला, तेव्हा डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली. दिघीच्या सेंटरात सांगितलं, भरपूर पाणी प्या, जोराची लागली की सांगा. तिनं तीच बाटली दोनदा रिकामी केली. मागून आलेल्या बायका कासावीस होऊन आधी आत गेल्या. ही आपली निवांत, मनातून जरा ऐटीतच.

शेवटी डॉक्टर मॅडमनीच तिला बोलावलं. पोटावर गार जेल लावून यंत्र फिरवलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मूत्राशयात साडेआठशे मिली आहे. निम्म्यातच माणूस पळत सुटतं. तुम्हाला लागली नाही?"

"मला सवय हाय, मॅडम. नऊ-नऊ तास दाबून धरते मी."

मॅडमनी तिला लघवी करून यायला लावलं आणि पुन्हा तपासलं. पडद्यावरचा काळा फुगा लहान झाला होता, पण गेला नव्हता. तीनशे मिली आतच होतं.

"याला सवय नाही म्हणत, ताई. ताणून ताणून त्याची जाणीवच गेलीय. असंच चाललं तर किडन्या जातील. आता दर तीन तासांनी जायचंच, लागो न लागो."

विजयश्रीचं डोकं भणाणलं. आपल्याच नासाडीवर टाळ्या घेतल्या होत्या तिनं.

सोमवारी तिनं बाटली काठोकाठ भरून लाईनवर ठेवली, सगळ्यांदेखत गटागटा प्यायली आणि दहाच्या ठोक्याला उठली.

"ओ ताई, पास बाहेर गेलाय. थांबा," सुजित ओरडला.

"नऊ वर्षं थांबलेच की!"

ती आत जाऊन बसली. लागलेली नव्हतीच, थेंबही येईना. तरी ती उठली नाही. बाहेर लाईन बंद पडल्याचा भोंगा वाजत होता. मेला वाजू दे, ती म्हणाली.