चित्रावरचा हात

माझ्या नातीच्या पहिलीच्या बाई वाचायला शिकवताना पुस्तकातलं चित्र तळहाताने झाकतात. "चित्र न्हाय वाचायचं, अक्षर वाचायचं की!" हा त्यांचा खणखणीत आवाज रस्त्यापर्यंत येतो. मला ते पटतं. त्या वयात मी बदकाचं चित्र बघून खुशाल 'हंस' वाचायची आणि वर छाती काढून बसायची. अशी मी हुशार!

बाई कधी हात उगारत नाहीत. पोरींच्या सुटलेल्या वेण्या घालतात, शेंबूड पुसतात. परवा शाळा सुटल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "आजी, उद्या वाचन तपासायला साहेब येणार हाईत. तुमची नात अजून अडखळत्या. उद्या तिला ताप हाय म्हणा." बोलताना बाई शेजारी उभ्या असलेल्या नातीच्या डोक्यावरून मायेने हात फिरवत होत्या.

एरवी पदर खोचून भांडणारी मी नुसतं "बरं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नात घरीच पुस्तक उघडून बसली. बाईंसारखाच तिने चित्रावर हात ठेवला आणि बराच वेळ खालच्या ओळीकडे बघत राहिली. मग दुसऱ्या हाताने स्वतःचं कपाळ चाचपून म्हणाली, "आजी, गार हाय की गं."