उरेब पेरलेलं शेत

पेरणीत झालेली चूक लपवता येत नाही. ती उगवते. बोटभर असते तेव्हा फक्त जाणकारांना दिसते, मग गुडघ्याला लागते, आणि माणसाच्या डोक्यावरून गेली की बसने जाणाऱ्यांनाही दिसते. उभं आयुष्य ट्रॅक्टरवर काढलेल्या ओळंब्याला हे कुणी सांगायची गरज नव्हती. तोच ते इतरांना सांगत असे, न विचारता.

ओळंबा हे त्याचं टोपणनाव. भिंत सरळ आहे का, हे गवंडी ज्या दोरीला टांगलेल्या वजनाने बघतो, तो ओळंबा. तो उभा धरतात आणि पेरणीची ओळ आडवी जाते, पण नावं ठेवणारे इतका विचार करत बसत नाहीत. त्याच्या ओळी सरळ असत, एवढं खरं. ओळीच्या एका टोकाला उभं राहून पाहिलं तर दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाच्या शर्टाची बटणं मोजता येतात, असं तो म्हणे. "मोजली कुणी?" असं बायकोने एकदा विचारलं होतं. ती कपडे शिवते. बटणांबद्दल उगाच बोललेलं तिला खपत नाही.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन, कापायचं टेबल आणि आरसा. मागच्या खोलीत उरलेला संसार. ओळंबा पुढच्या खोलीतून चालत गेला की त्याच्या पायजम्याला धागे चिकटत, आणि तिच्या टेबलावर शेतातली धूळ बसे. या देवाणघेवाणीवर दोघांचं रोज एक भांडण ठरलेलं होतं. ते झालं नाही तर दोघांना चुकल्यासारखं वाटे.

ओळंबा ज्या शेतावर कामाला होता, त्याच्या मालकीणबाई कमी बोलणाऱ्या. पेरणीचा ट्रॅक्टर ओळंब्याकडे, कापणीचं मोठं यंत्र त्याच्या मेहुण्याकडे, अशी त्यांनी वाटणी करून ठेवली होती. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. बुटका, तरतरीत, आणि बोलायला लागला की कापणी यंत्रासारखा. समोर येईल ते आत घेऊन बाहेर भुसा. नवा ट्रॅक्टर आला तेव्हा त्याची सीट आपल्यालाच मिळणार, असं त्याने घरी जाहीर केलं होतं.

कारण हा ट्रॅक्टर सॅटेलाइटच्या मदतीने स्वतःच चालत होता. वळायचं तेवढं माणसाने, सरळ जायचं त्याने.

मालकीणबाई म्हणाल्या, "या हंगामाला जुनाच माणूस. पुढचं मक्याची कापणी झाल्यावर ठरवीन."

ट्रॅक्टर शिकवायला कंपनीचा एक माणूस येऊन गेला. पडद्यावर दोन बटणं होती, ए आणि बी. शेताच्या एका कोपऱ्यात उभं राहून ए दाबायचं, बांधाच्या कडेने दुसऱ्या टोकाला जायचं आणि तिथे बी दाबायचं. या दोन ठिकाणांमधली रेषा ट्रॅक्टर लक्षात ठेवणार आणि सगळं शेत त्या रेषेला समांतर पेरणार.

"मग स्टिअरिंगला हात लावायचा नाही, काका," तो म्हणाला.

"मग मी काय करायचं?"

"बसायचं."

हा शब्द ओळंब्याला फार लागला. घरी येऊन त्याने तो बायकोला दोनदा ऐकवला. ती म्हणाली, "मग बसा की. मी दिवसभर बसूनच काम करते, मला कुणी बक्षीस दिलंय?"

पेरणी सुरू झाली ती नेमकी बसथांब्यासमोरच्या शेतात. ओळंब्याने कोपऱ्यात ए दाबलं. बांधाच्या कडेने, डोळ्यांत तेल घालून, दुसऱ्या टोकाला गेला. तिथे बी दाबायचं होतं. पण ते टोक आलं की वळून शेतातल्या एकुलत्या एका झाडाखाली जायचं आणि थर्मासातला चहा घ्यायचा, ही त्याची जुनी सवय. हातांनी ती सवय पाळली. झाड बांधापासून बरंच आत आहे. अर्धा कप संपल्यावर त्याला बी आठवलं. कप न सांडता त्याने एका हाताने ते दाबलं.

ट्रॅक्टरच्या दृष्टीने काहीही बिघडलं नव्हतं. एक कोपरा इथे, दुसरं टोक झाडाखाली. त्याने दोन्हींमध्ये रेषा ओढली आणि कामाला लागला.

आपण बांधापासून फाकत चाललोय, हे ओळंब्याला दिसलं नाही असं नाही. दिसलं. पण हात लावायचा नाही असं सांगितलेलं होतं, आणि सांगणाऱ्यावर त्याचा राग होता. रागावलेला माणूस जितकं तंतोतंत ऐकतो तितकं दुसरं कुणी ऐकत नाही. त्याने हातांची घडी घातली. वरून बघणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त दिसत असेल, असं तो स्वतःशी म्हणाला. दुपारपर्यंत तर त्याला बरंही वाटायला लागलं, कारण ओळी खरोखरच सुंदर पडत होत्या. शेवटी कोपऱ्यांत पाचरीसारखे तुकडे उरले, ते त्याने आखूड ओळींनी भरून काढले.

"कसं झालं?" बायकोने रात्री विचारलं.

"झालं. कोपरे जरा जास्त निघाले."

"चौकोनी शेताला कोपरे जास्त कसे निघतील?"

त्याने आणखी एक भाकरी मागून घेतली.

मका उगवला. आधी हिरवी धूसर सावली, मग ओळी. एकही ओळ वाकडी नव्हती, ओळंब्याच्या उभ्या आयुष्यात इतक्या सरळ ओळी पडल्या नव्हत्या. आणि एकूण एक ओळ तिरकी होती. बांध एकीकडे, रस्ता त्याला धरून, आणि मका आपला तिसरीकडे निघालेला. बसथांब्यावर उभी असलेली माणसं नकळत मान कलती करून उभी राहू लागली.

मालकीणबाई बघायला आल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "हे काय आहे?"

"मका," ओळंबा म्हणाला.

"ते दिसतंय." एवढं बोलून त्या गेल्या.

त्या दिवशी बायको शिवलेले कपडे पोचवून बसने परत आली, ती थांब्यावर उतरली आणि तिथेच उभी राहिली. घरी येऊन म्हणाली, "अहो, शेत उरेब कापलंय तुम्ही."

उरेब म्हणजे कापडाच्या धाग्याला तिरकं कापलेलं. गळ्याला, घेराला उरेब पट्टी लावतात. ती छान वळते. शिंप्याच्या दुकानात हा शब्द कौतुकाचा आहे. दुकानाबाहेर पडल्यावर त्याचं काय झालं, याची जबाबदारी बायको आजही घेत नाही. ती फक्त ब्लाउज शिवायला आलेल्या एकीजवळ बोलली होती. आठवडाभरात त्या शेताला उरेब म्हणू लागले. मग थांब्याला. "उरेबला उतरवा," असं लोक कंडक्टरला सांगत. शेवटी एका सकाळी दूधवाल्याने दारातून हाक मारली, "उरेबकाका आहेत का?" आणि ओळंबा त्या दिवशी बिनदुधाचा चहा प्यायला.

मेहुण्याला तर पर्वणीच होती. तो रोज जेवायच्या वेळेला येई, पाट सरकवून तिरका बसे आणि म्हणे, "ताई, भावोजींना वाढ. पण जरा कोपऱ्यातून वाढ, त्यांना कोपरे आवडतात."

"पेरावं तसं उगवतं रे," ओळंबा म्हणे.

"तेच म्हणतोय मी!"

बायको भावाला गप्प करायची, आणि तो गेल्यावर नवऱ्याला म्हणायची, "तो बोलतो ते चूक आहे. पण खोटं नाही." खरी काळजी तिला वेगळीच होती. सीट गेली तर हा माणूस दिवसभर घरात बसणार, पुढच्या खोलीत, तिच्या टेबलासमोर. आणि कापड सरळ कसं कापावं ते तिला सांगणार.

इकडे मालकीणबाईंनाही विचारणारे भेटू लागले होते. सगळ्यांना त्या एकच उत्तर देत : "प्रयोग आहे." शेताला उतार आहे, ओळी उताराला आडव्या घातल्या की पाणी थांबतं. उतार होता, नाही असं नाही. तिथे चेंडू ठेवला असता तर त्याने घरंगळायचं की नाही यावर थोडा विचार केला असता. पण बाई सहसा बोलत नसल्यामुळे, बोलल्या की लोक विश्वास ठेवत.

कापणीचा दिवस आला. मेहुणा आपल्या यंत्रावर चढला. मक्याच्या कापणी यंत्राला पुढे चोची असतात. त्या ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत शिरतात आणि ताटं आत ओढतात, म्हणून यंत्राला ओळ धरूनच जावं लागतं. मेहुण्याचा हात बांध धरून जायला सरावलेला. तो बांधाच्या कडेने सुटला, ओळी त्याला तिरक्या आडव्या आल्या, आणि कणसं यंत्रात जायच्या ऐवजी दोन्ही बाजूंना जमिनीवर पडू लागली. मालकीणबाईंनी हात वर करून यंत्र थांबवलं.

"यात सरळ माणसाला नाही शिरता यायचं, बाई," मेहुणा खाली उतरून म्हणाला.

"मग ज्याने पेरलंय त्यानेच कापावं," बाई म्हणाल्या.

ओळंबा चढला. मधल्या लांब ओळी बऱ्या गेल्या. कोपऱ्यांत मात्र यंत्र जरा कुठे पुढे गेलं की ओळ संपे. मग मागे घ्या, वळवा, पुन्हा शिरा. थांब्यावरची माणसं बस आली तरी चढत नव्हती.

त्यातच दुसऱ्या भागातले काही शेतकरी हा प्रयोग बघायला आले. बाईंनीच वेळ दिली होती. त्यांनी उतार दाखवला, पाणी कसं थांबलं ते सांगितलं. पाहुणे माना डोलवत होते. एकाने ओळंब्याला खाली बोलावून विचारलं, "पण काका, ही कल्पना मुळात कुणाची?"

बाईंनी ओळंब्याकडे पाहिलं. ते पाहणं समजायला फार अक्कल लागत नव्हती. "बाईंची" म्हटलं असतं तर सीट पक्की होती. "माझी" म्हटलं असतं तरी चाललं असतं. मेहुणा मागून हळूच म्हणाला, "भावोजी, हो म्हणा."

आणि इथे ओळंब्याचा स्वाभिमान आडवा आला. चार महिने लोक त्याला चुकलेला म्हणत होते, ते त्याने सोसलं होतं. पण आपण शुद्धीवर असताना, ठरवून, एवढं तिरकं पेरलं असं कुणी समजावं?

"मी मुद्दाम असं पेरीन?" तो म्हणाला. "मला काय वेड लागलंय? चहा पीत होतो. बी दाबायचं विसरलो."

मग त्याने पाहुण्यांना ए दाखवलं, झाड दाखवलं, कप कोणत्या हातात होता तेही दाखवलं. पाहुणे आधी बाईंकडे बघत राहिले, मग एकेक करून हसू लागले. बाई हसल्या नाहीत. त्या गाडीत बसून निघून गेल्या. उत्पन्न किती आलं, असंही कुणीतरी विचारलं. ते दरवर्षीइतकंच आलं होतं. डिझेल तेवढं जास्त गेलं.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि मशीनवरचं काम न थांबवता म्हणाली, "खरं बोलायला हाच दिवस सापडला तुम्हाला. लग्नाआधी वय सांगताना नाही सुचलं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी दोघांनाही शेडमध्ये बोलावलं. नवा ट्रॅक्टर धुऊन उभा होता. मेहुणा नवा शर्ट घालून आला होता. बाई ओळंब्याला म्हणाल्या, "लोकांसमोर मला खोटं पाडलंत."

"हो बाई."

"सीटवर तुम्हीच बसा."

मेहुण्याचा आवाज चिरकला. "बाई! एवढं होऊन?"

"एवढं झालंय म्हणूनच. यांची चूक करून झालीये. तुझी अजून व्हायचीये. दोघांच्या चुका मला परवडायच्या नाहीत."

ओळंब्याला आनंद व्हायला हवा होता. पण तो म्हणाला, "म्हणजे मी सरळ पेरतो म्हणून नाही?"

"सरळ तर यंत्र पेरतं," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

मग ओळंबा वर चढून सीटवर बसला. त्याचे गुडघे स्टिअरिंगला अडकले. मेहुण्याने आधीच येऊन सीट आपल्या मापाने पुढे ओढून ठेवली होती. ओळंब्याने खालचा दांडा शोधला, सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकवली आणि पाय लांब केले.