एकशे पाच, लेव्हलमध्ये

आमची फ्लाइट, म्हणजे लष्कराची छोटी विमान-तुकडी, धुळ्याच्या धावपट्टीवर आली तेव्हा कपाशीची पहिली वेचणी सुरू होती. साल ब्याऐंशी-त्र्याऐंशीचं. एक्सरसाइज एका महिन्याची होती. तीन छोटी विमानं, एक पंखा, दोन माणसं बसणारी. पुढं पायलट, मागं ऑब्झर्व्हर. तोफांचे गोळे कुठं पडतात ते वरून बघून खाली सांगायचं, हे त्यांचं काम. मी हवालदार, एमटीचा. पेट्रोलची गाडी आणि जीप माझ्याकडे. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढं गाडीचं स्टिअरिंग धरलं ते पेन्शनीपर्यंत सोडलं नाही. गाव शिंदखेडा तालुक्यात. नोकरीत सगळा देश बघितला, पण घराजवळ पोस्टिंग तेवढीच एकदा मिळाली.

हे लिहायचं कारण सांगतो. धुळ्यात अजून काही लोक म्हणतात की कॅप्टन पाटील शर्यतीपायी गेले. मी तिथं होतो. ते तसं नाही.

कॅप्टन पाटील एरंडोलकडचे. फ्लाइटमध्ये खान्देशी आम्ही दोघंच. परेडवर ते साहेब आणि मी हवालदार. पण पेट्रोल भरताना जवळ कोणी नसलं की ते अहिराणीत सुरू व्हायचे.

"काय रे भिला, तुनी जीप कितली पयस?"

"तुमनं इमान जितलं बोलस तितलं नही साहेब, पन पयस."

पयस म्हणजे पळते. ते हसायचे. कोणी जवळ आलं की लगेच हिंदी.

आदल्या संध्याकाळची गोष्ट. फ्लाइंग बंद झालं होतं. तिन्ही पायलट रिकाम्या ड्रमांवर चहा घेत बसले होते. फ्लाइट कमांडर मेजरसाहेब, कॅप्टन नायर आणि पाटीलसाहेब. मी बाजूला होज गुंडाळत होतो. पायलट लोक एकत्र बसले की बोलणं फिरून एकाच ठिकाणी येतं. कोणी किती स्पीड काढली.

नायरसाहेब म्हणाले, एकशे तीस. राजस्थानात, मागून वारा होता. विमानाची स्पीड नॉटमध्ये मोजतात. नॉट म्हणजे मैलापेक्षा जरा जास्त.

मेजरसाहेब म्हणाले, "वन फिफ्टी. मी लेफ्टनंट होतो. नाक खाली घातलं. पंख इतके थरथरले की खाली आल्यावर फिटरनं माझ्याकडे असं बघितलं जसं मी त्याची म्हैस मारली."

"और पाटील, तू?" नायरसाहेबांनी विचारलं.

"एकशे पाच."

नायरसाहेब हसायला लागले. "बस? पाटील, इससे तेज तो मेरी सास चलती है."

"तुझ्या सासूला मागून वारा असेल," पाटीलसाहेब म्हणाले. "माझी लेव्हलमध्ये आहे. वारा धरला नाही, उतार धरला नाही. नाक खाली घालून काढलेली स्पीड जमिनीची असते, ती ओढते. उतारावर बैलगाडीपण पळते."

मेजरसाहेब म्हणाले, "म्हणजे आम्ही बैलगाडीवाले."

"सर, मी फक्त माझं सांगितलं."

मग चहाचा मग मला देताना हळूच म्हणाले, "बठ्ठा दिधा तरी एकशे पाच. खोटं काबर बोलू?"

बठ्ठा दिधा म्हणजे सगळं दिलं. थ्रॉटल पुढं शेवटपर्यंत. त्यांच्या तोंडी तो शब्द नेहमीचा होता. जीप चढावर अडली की मलाही तेच सांगायचे, "भिला, बठ्ठा दे."

उठताना नायरसाहेब म्हणाले, "कल जलगाँव जा रहा हूँ. कोई तेज आएगा तो चाय पिलाऊँगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नायरसाहेब जळगावच्या धावपट्टीवर गेले. तिथं त्यांचं इंजिन परत स्टार्ट होईना. दुपारी फोन आला, फिटर पाठवा. तिसरं विमान सर्व्हिसिंगला उघडलेलं होतं. म्हणून पाटीलसाहेब निघाले, मागच्या सीटवर फिटर लान्स नायक मुरुगन. मुरुगन तमिळ मुलखातला, गप्प माणूस. टूलबॉक्स मांडीवर घेऊन बसला. पेट्रोल मीच भरलं. फिल्टरनं गाळलं, टाकीचं झाकण दोनदा बघितलं. पाटीलसाहेबांनी अंगठा वर केला आणि गेले.

पंधरा-सतरा मिनिटं झाली असतील. रेडिओच्या तंबूतून ऑपरेटर नायक रामधारी बाहेर आला. बिहारचा माणूस, आवाज मोठा.

"सर, पाटील साहब पहुँच गए. बोले, बैठा दिया."

म्हणजे विमान खाली बसवलं. मेजरसाहेबांनी घड्याळ बघितलं आणि हसले. "कल की बात दिल पे ले ली इसने. नायर की चाय वसूल." चहाची ऑर्डर झाली. जळगावला रेडिओ सेट नव्हता, फक्त चौकीदाराच्या खोलीत फोन. ट्रंक कॉल बुक केला, पण तो लागायला वेळ होता. कोणाला घाई पण नव्हती.

मी गाडीखालून निघालो. रामधारीला विचारलं, "क्या बोले? जैसा बोले वैसा बोल."

"बैठा दिया. बोला ना."

"वैसा ही बोल, जैसा सुना."

रामधारी चिडला. "अरे बाबा, बैठा दिधा, ऐसा कुछ. सेट में खरखर थी. फिर कट गया. तुमको साहब की हिंदी भी चेक करनी है?"

मी तसाच मेजरसाहेबांकडे गेलो. सॅल्यूट केला.

"सर, साहब बैठे नहीं. बठ्ठा दिधा बोले. वो हमारी बोली है. पूरा थ्रॉटल दिया, ऐसा मतलब."

"भिला, लँड करनेवाला अपनी बोली में नहीं बोल सकता क्या?"

"सर, उतरले की साहेब इंग्लिशमध्ये सांगतात. रोज. लँडेड. आज बोली निघाली."

रामधारी मागून म्हणाला, "सर, ये हवालदार खानदेश को लेकर सबसे लड़ता है. परसों कुक से लड़ा, मिर्च पे."

ते खरं होतं. पण मी जागेवरून हललो नाही. मेजरसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग परत घड्याळाकडे. त्यांचा चेहरा बदलला तो मी बघितला. काल संध्याकाळचा आकडा त्यांनाही आठवला असावा.

"एकशे पाच," ते म्हणाले. "एकशे पाचनं हा इतक्यात जळगावला पोचू शकत नाही."

"नही सर. पारोळ्याच्या पुढं, एरंडोलच्या अलीकडं असतील."

त्यांनी चहा ठेवला. पुढच्या ऑर्डरी भराभर निघाल्या. सर्व्हिसिंगला उघडलेलं विमान झाकणं लावून बंद करा, मी घेऊन जातो. भिला, जीप. नर्सिंग असिस्टंट, स्ट्रेचर, जॅक, हॅकसॉ. रामधारी, छोटा सेट घेऊन जीपमध्ये. सूर्य अजून बराच वर होता, पण त्या दिवसांत तो लवकर खाली जातो. अंधार पडला की पारोळ्यापुढच्या टेकड्यांत काही सापडत नाही, हे मला आणि त्यांना दोघांनाही माहीत होतं.

रामधारी सेट मांडीवर धरून शेजारी बसला. पारोळा मागं गेला तेव्हा म्हणाला, "भिला, गाड़ी और चला."

"बठ्ठा दिला आहे," मी म्हणालो.

मेजरसाहेब डोक्यावरून गेले. थोड्या वेळानं सेट बोलला.

"जीप, धिस इज वन. रस्त्याच्या उजवीकडे. कपाशीची शेतं, मग नाला, मग टेकडी. एअरक्राफ्ट नाल्यात आहे. धूर नाही. लोक जमलेत. ओव्हर."

"वन, जीप. रॉजर. आदमी दिखता है? ओव्हर."

"एक हात हलतोय. जल्दी करो. आउट."

गाडीवाट होती तिथपर्यंत जीप घातली, पुढं शेताच्या बांधावरून धावलो. विमान बाभळींमध्ये तुटून पडलं होतं, नाक नाल्याच्या दरडीत. पाटीलसाहेब गेलेले होते. मी बघितलं, टोपी काढली, परत घातली. मुरुगन जिवंत होता. मांडीवर सीटची चौकट दाबून बसली होती. गावातली माणसं जमली होती, त्यांनी ओढायचा प्रयत्न केला होता, चौकट हलली नव्हती. पेट्रोलचा वास सुटला होता म्हणून एका म्हाताऱ्यानं सगळ्यांच्या बिड्या विझवायला लावल्या होत्या. एकजण सायकलवर एरंडोलला गेला होता. आम्ही जॅक लावला. रामधारीनं हॅकसॉ घेतला आणि हात सोलेपर्यंत चालवला. नर्सिंग असिस्टंटनं मांडी घट्ट बांधली. मुरुगनला बाहेर काढला तेव्हा ऊन बाभळींच्या शेंड्यावर गेलं होतं.

एरंडोलच्या डॉक्टरनं सांगितलं, रक्त फार गेलंय, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. मुरुगनचा पाय वाचला नाही. मुरुगन वाचला.

धुळ्याला परत आलो तेव्हा जळगावचा ट्रंक कॉल लागला होता. पलीकडे नायरसाहेब विचारत होते, पाटील कुठं राहिला, चहा निवतोय.

पुढं कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. बाहेरून आलेल्या एका अधिकाऱ्यानं दोन गोष्टी पुढं ठेवल्या. एक, आदल्या दिवशी स्पीडवरून बोलणं झालं होतं. दोन, तुटलेल्या विमानात थ्रॉटल पूर्ण पुढं सापडलं. म्हणजे हा माणूस स्पीड काढायला गेला. त्यांच्या जागी बसून बघितलं तर हिशोब बरोबर दिसतो. धुळ्यातली अफवा तिथूनच निघाली.

मुरुगनचा जबाब दवाखान्यात झाला. त्यानं सांगितलं, पारोळ्यानंतर इंजिनाची ताकद गेली. साहेबांनी थ्रॉटल पूर्ण पुढं केलं, तरी विमान खालीच जात होतं. समोर सपाट शेत होतं. साहेबांनी तिकडे नाक धरलं होतं. मग एकदम वळवलं. का वळवलं ते मागच्या सीटवरून मुरुगनला दिसलं नाही.

ते सांगायला शेतातल्या एका अक्काला बोलावलं. वय झालेली बाई, डोक्यावरून पदर. तिला हिंदी येत नव्हतं. दुभाषा म्हणून मला उभं केलं.

अक्का म्हणाली, "आम्ही कपाशी येची राहिंतूत. इमान आम्हनावर उनं. आम्हले वाटनं, आते पडस. मंग ते वळनं, नालामा गयं."

मी हिंदीत सांगितलं, बाया कापूस वेचत होत्या, विमान त्यांच्यावर आलं, आता पडतं असं वाटलं, मग ते वळून नाल्यात गेलं. अधिकाऱ्यानं विचारलं, शेतात बाया किती होत्या.

मी विचारलं, "अक्का, कितल्या बाया व्हत्यात?"

तिनं त्या अधिकाऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. हा काय प्रश्न झाला, असं.

"बठ्ठ्या," ती म्हणाली. "गावन्या बठ्ठ्या."

मी सांगितलं, "सर, सब. गाँव की सब औरतें."

टाइपरायटरवाल्यानं ते टाइप केलं. मेजरसाहेब खिडकीतून बाहेर बघत होते. त्यानंतर स्पीडचा प्रश्न कोणी विचारला नाही. निकालात इंजिन फेल्युअर लिहिलं गेलं. पण निकाल फायलीत राहतो आणि अफवा गावात.

रामधारीनं त्या दिवसानंतर माझ्याकडून अहिराणी शिकायला घेतली. रोज चार शब्द. त्याचा उच्चार शेवटपर्यंत बिहारीच राहिला. बदली होऊन गेला तेव्हा हात मिळवून म्हणाला, "बठ्ठा ठीक शे." मी म्हणालो, "हो, ठीक शे."

आता मी धुळ्यातच देवपूरला मुलाकडे राहतो. कधीकधी धावपट्टीकडे जातो. तिथं विमान शिकणारी पोरं चहाच्या टपरीवर बसतात आणि बोलणं तेच. माझी एकशे चाळीस झाली, माझी एकशे साठ झाली. मला विचारतात, "आबा, तुमच्या वेळी किती व्हायची?"

मी सांगतो, एकशे पाच. लेव्हलमध्ये. कॅप्टन पाटलांची.

ती हसतात. हसू दे. वय आहे.

वेचणीच्या दिवसांत एरंडोलकडे जाणं झालं तर मी त्या नाल्यावर उतरतो. अक्का आता नाही, तिची सून आहे. पहिल्या वेचणीचा मूठभर कापूस त्या बाया तिथं दगडाखाली ठेवतात. मागच्या खेपेला मी सुनेला विचारलं, कोण कोण ठेवतं.

"बठ्ठ्याच ठेवतस, आबा," ती म्हणाली.