भरलेली बॅटरी

माझ्या नवऱ्याला अर्धांगवायू झाल्यापासून आमची गाडी इमारतीखाली उभीच आहे. तिची बॅटरी पार बसली होती. मेकॅनिकने स्मार्ट चार्जर लावून दिला. त्या चार्जरने ती हळूहळू जिवंत केली आणि आता तो ती भरलेली ठेवतो.

आज सकाळी चार्जरचे चिमटे काढून मी किल्ली फिरवली. इंजिन लगेच सुरू झालं. समोर फाटक उघडं होतं. गाडी मला चालवता येते. जपून ठेवणं आणि अडकवून ठेवणं यांत अंतर तरी किती असतं?

पहिल्या मजल्यावर मी नवऱ्याला खिडकीशी बसवलं होतं. तिथून ते अडखळत म्हणाले, "जाऊन ये की बहिणीकडे."

"आणि तुम्हाला उठवून कोण बसवेल?"

मी इंजिन बंद केलं, तेव्हा त्यांचा सुस्कारा मला खालपर्यंत ऐकू आला.