भेंडीवर शिकलेलं कलम

मी आठवीत शाळा सोडली. कॉलेजची परीक्षा कशी असते ते पहिल्यांदा पाहिलं, ते पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर, हातात दुसऱ्याचा मोबाइल धरून.

कोरोनाने सगळं बंद होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही परभणीकडचे. नवरा चौक गावच्या एका गॅरेजात कामाला, मी जवळच्या नर्सरीत आंब्याची कलमं बांधायला. बाहेरगावची माणसं नकोत म्हणून घरमालकाने आम्हाला खोली सोडायला लावली, तेव्हा नर्सरीवाल्या काकूंनी खताची खोली मोकळी करून दिली. "वास येईल, पण कुणी उठवणार नाय," म्हणाल्या. वास चार दिवसांत जाणवेनासा झाला. त्यांचे उपकार मात्र मी सारखी आठवायची आणि कुणी सांगितलेलं नसताना अंगण दोनदा झाडायची.

काकूंची मुलगी शेतकी कॉलेजात शेवटच्या वर्षाला. हॉस्टेल बंद झालं नि ती घरी आली. नर्सरीत वाढलेली, पण कलमाचा चाकू तिने कधी धरलेला नव्हता. काकूच धरू देत नसत, शिकणाऱ्या पोरीची बोटं कापतील म्हणून. आणि आता कॉलेजने कळवलं, की कलम बांधण्याची परीक्षा मोबाइलवरच होणार, सरांच्या डोळ्यांदेखत. त्यात नापास झाली तर पदवी अडकणार. तिने आजवर कलम पाहिलं होतं ते ऑनलाइन तासाला, तेही सर मधेच उघड्या तोंडाने थिजायचे आणि आवाज मागाहून यायचा. भिसेगावला तिच्या मावशीकडे नेट झकास, पण त्यांच्या बिल्डिंगीत बाहेरच्यांना बंदी. आमच्याकडे रेंज फक्त टाकीच्या कट्ट्यावर.

"वहिनी, मला शिकवा ना," ती म्हणाली.

"मी? मला तुझ्या पुस्तकातली नावंसुद्धा येत नाहीत गं."

"नावं मला येतात. तुमी हाताचं सांगा."

रोपं वाया जायला नकोत म्हणून सराव भेंडीवर. एक भेंडी मधोमध चिरायची, दुसरीचं टोक पाचरीसारखं तासून त्यात बसवायचं, वरून प्लास्टिकची पट्टी आवळायची. आठवडाभर दोन्ही वेळेला ताटात तीच भेंडी. शेवटी काकू वैतागल्या, "पास हो नायतर नापास हो, पण उद्यापासून गवारीवर शिक गं बाय!"

परीक्षेला मोबाइल कोण धरणार? काकूंना गप्प बसणं जमणार नव्हतं. म्हणून मी. तिने सरांना आधीच विचारून घेतलं होतं. घरातलं एक माणूस चालेल, पण त्याने तोंड उघडायचं नाही. मी सकाळपासून पाणीसुद्धा बेताने प्यायले, मधेच ठसका लागला तर काय घ्या!

सरांचा चेहरा आला. तिने कोयीतून उगवलेलं कोवळं रोप घेतलं, शेंडा उडवला, मधोमध चीर दिली. हात छान चालला होता. मग चांगल्या झाडाची काडी तासून तिने चिरेत बसवली, ती नेमकी मधोमध.

रोप जाड होतं, काडी बारीक. अशा वेळी काडी मधोमध ठेवायची नसते. एका कडेला सरकवून सालीला साल भिडवायची, नाहीतर कलम जगत नाही. हे मी तिला सांगितलंच नव्हतं. सांगणार कसं? भेंड्या सगळ्या एकाच जाडीच्या होत्या!

तिने पट्टी उचलली. मला बोलायची चोरी. नुसती त्या चिरेकडे बघत राहिले.

"तिकडे भूकंप वगैरे झालाय का?" सर म्हणाले. "फोन हलतोय." आणि लगेच, "थांबा. पट्टी नको. त्या सालीचं काय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझी नजर जिथे, तिथेच माझा हात गेला होता. मोबाइल मी थेट तिच्या चुकीवर नेऊन धरला होता. जिच्या घरात राहते, तिच्याच पोरीला बुडवलं मी!

पोरगी वाकून बघत राहिली. मग हळूच काडी एका कडेला सरकवली. "सर, काडी बारीक आहे. म्हणून एका बाजूची तरी साल जुळवायला पाहिजे. तिथूनच रस वाहतो." त्या रसाच्या थराचं इंग्रजी नावही तिने सांगितलं.

आणि सर थिजले. डोळे अर्धे मिटलेले, हात हवेत. आम्ही दोघी तशाच, ती काडी धरून, मी श्वास धरून. त्यांनी नेमकं काय पाहिलं, फक्त चूक, की दुरुस्तीसुद्धा?

"...आता बांधा," एकदम आवाज आला. "घट्ट."

संध्याकाळी मी तिला म्हणाले, "माझ्यामुळे झालं गं."

"तुमच्यामुळेच," ती म्हणाली. "मोबाइल तिकडं नेला नसता तर मी तशीच बांधून मोकळी झाले असते."

तरी निकाल लागेपर्यंत मला चैन नव्हती. निकाल लागला त्या दिवशी ती टाकीच्या कट्ट्यावरून ओरडतच खाली आली, "पास! वहिनी, पास!" काकूंनी मला आणि तिला एकदमच कवटाळलं.

मी त्या मिठीतूनच विचारलं, "मोबाइल हलला म्हणून मार्क कापले नाहीत ना?"

"आता बास करा वहिनी," ती म्हणाली.